तिसऱ्या भागाचा शेवट

मी तिसरा भाग. मुलांसाठी लिहिलेल्या पाच भागांच्या एका मालिकेतला बरोबर मधला. मधल्या भावंडाची घरात जी गत, तीच माझी दुकानात. पहिल्याचं सगळ्यांना कौतुक, शेवटच्याची सगळ्यांना उत्सुकता, आणि मला विचारायचं ते केवळ मागचं-पुढचं जुळावं म्हणून. पण एका घरात माझी फार वाट पाहिली गेली होती. त्या घराबद्दल मला बोलायचं आहे.

माझा जन्म छापखान्यातला. मोठमोठे कागद शाई पिऊन बाहेर पडले, त्यांच्या घड्या झाल्या, पाठीला गरम डिंक लागला आणि तीन बाजूंनी पातं फिरलं. तीनशे बारा पानं, पंधरा प्रकरणं. मुखपृष्ठावर खाली खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि त्यांवर हातात कंदील घेतलेली एक मुलगी.

ती मुलगी दीपगृहवाल्याची. ग्रीक आणि रोमन पुराणांतले देव अजून मेलेले नाहीत, ते आपल्यातच वेश पालटून राहतात आणि जुनी भांडणं उकरून काढतात, हे तिला पहिल्या भागात कळलं. दुसऱ्या भागात तिने पंखांच्या घोड्याला माणसाळवलं. माझ्यात ती पाताळात उतरते. तिची आई चुकून पाताळात नेली गेलेली असते, तिला परत आणायला.

दुकानात मला आठवडाही काढावा लागला नाही. पहिल्याच दिवशी एक बाई आली. दोन्ही हातांच्या नखांत पांढरं प्लास्टर.

"तिसरा आला का?" तिने दारातूनच विचारलं.

"आला एकदाचा," दुकानदार म्हणाला. "ताई, आता चौथ्यासाठी तरी रोज विचारू नका. तुम्हाला दारात पाहिलं की मला गुन्हा केल्यासारखं वाटतं."

ती हसली. मला छातीशी धरून तिने रस्ता ओलांडला. माझ्या मागच्या बाजूला तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला, तो आजही आहे.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून साचे यायचे, त्यांवरून ती मेणाच्या हिरड्या घडवायची आणि त्यांत एकेक दात बसवायची. "गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," असं ती सांगायची. तिचा नवरा ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होता. काचेच्या खोलीत बसून आधी रिकाम्या ट्रकचं वजन घ्यायचं, मग भरलेल्याचं. माणूस शांत. दिवसभर आकडे बोलून घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असायचे.

आणि त्यांची मुलगी. वय वर्षं आठ. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती फक्त एकाच वेळी स्थिर व्हायची, आई वाचू लागली की.

त्या घरात वाचनाचा एक नियम होता. रोज संध्याकाळी एक प्रकरण, आईने मोठ्याने वाचायचं आणि पुढचं पान कुणीही चोरून पाहायचं नाही. भिंगरीला वाचता येत नव्हतं असं नाही. पण ही मालिका आईच्या आवाजात ऐकायची, हे पहिल्या भागापासून ठरलेलं होतं. गोष्टीतल्या मुलीचं मूळ नाव लांबलचक होतं. आईने त्याला पहिल्याच दिवशी रजा दिली आणि तिचं नाव ठेवलं 'दिवेकरीण'.

"आई, याला इथे हेडीस म्हटलंय आणि तिथे प्लूटो. दोन राजे आहेत का पाताळाला?"

"एकच आहे. ग्रीकांकडे एक नाव, रोमनांकडे दुसरं. बायकांची नाही का, माहेरची आणि सासरची वेगळी?"

"म्हणजे त्याचं लग्न झालंय रोममध्ये?"

"झालंय की. पर्सेफोनीशी."

"पर्सेफणी."

"फणी नाही गं, फोनी. पण असू दे, राणी आहे, एखादी फणी असेलच तिच्याकडे."

पाताळाच्या दारावर तीन तोंडांचा कुत्रा आला तेव्हा भिंगरी आईच्या कुशीत शिरली. आईने मला गुडघ्यावर पालथं ठेवलं आणि बोटांवर हिशोब मांडला. "कुत्र्याच्या एका तोंडात बेचाळीस दात. तीन तोंडं म्हणजे एकशे सव्वीस. अगं, याची कवळी करायची तर मला सहा महिने दुसरं काम घेता येणार नाही!" दोघी इतक्या हसल्या की बाबा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तो हसला, पण जरा उशिरा. त्याचं हसू नेहमी मागच्या गाडीने यायचं.

ती सहा प्रकरणं माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ.

सातव्या प्रकरणाच्या मध्यावर आई थांबली. दम लागला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच थांबली. मग तपासण्या सुरू झाल्या, मग दवाखाना. रक्ताचा काहीतरी आजार होता, त्याचं नाव त्या घरात कुणी पूर्ण उच्चारायचं नाही. मेणाच्या गुलाबी पट्टीची एक चकती तिने खूण म्हणून माझ्यात ठेवली होती. दवाखान्याच्या पिशवीत उन्हाने ती मऊ झाली आणि एकशे एकोणचाळिसाव्या पानावर डाग पडला.

दवाखान्यात ती रोज एखादं पान वाचायची. आवाज बारीक झाला होता. भिंगरी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, "हळू वाचलंस तरी चालेल, मला ऐकू येतं." खरं तर तिला निम्मं ऐकू येत नसे. ती आईच्या ओठांकडे पाहत बसायची.

चार महिन्यांनी आई घरी आली. भिंगरीला वाटलं, बरी होऊन आली. डॉक्टरांनी बाबाला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावली गेली आणि मी उशाशी. रोजचं वाचन परत सुरू झालं. कधी अर्धं प्रकरण, कधी पाव. दिवेकरीण एकेक दार मागे टाकत पाताळात खोल जात होती आणि भिंगरीची खात्री वाढत होती.

"ती आणणारच आईला," ती म्हणायची. "हो ना?"

"बघू या," आई म्हणायची.

एक दिवस दुपारी भिंगरी शाळेत असताना आईने नियम मोडला. तिने मला उचललं, पंधरावं प्रकरण काढलं आणि एकटीने, मनातल्या मनात, शेवटपर्यंत वाचलं.

माझा शेवट असा आहे. पाताळाचा राजा दिवेकरणीसमोर हजार सावल्या उभ्या करतो आणि म्हणतो, यातली तुझी आई ओळख. ती ओळखते. राजा वचन पाळतो. मायलेकी हात धरून सातही दारं चढून वर येतात, वर समुद्रावर उजाडत असतं, आणि दोघी मिळून दीपगृहाच्या पायऱ्या चढतात. सुंदर प्रकरण आहे. छापखान्यात पानं जुळवणाऱ्या माणसानेही ते हातातलं काम थांबवून वाचलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

आईने ते वाचलं आणि मला छातीवर उघडंच ठेवून ती छताकडे पाहत राहिली. मला तिचे ठोके लागत होते. मग तिने मला पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. तिचे ओठ हलू लागले. पण ते माझ्या ओळींशी जुळेनात. मी ज्या पानावर 'वर' म्हणत होतो, तिथे ती दुसरंच काही पुटपुटत होती. थांबायची, मागे जायची, परत म्हणायची. घोकंपट्टी करणाऱ्या मुलीसारखी.

बाबा कामावरून लवकर आला तेव्हा तिने त्याला जवळ बसवलं.

"अहो, याचा शेवट वाचला मी. ती आईला घेऊन येते वर."

"मग छानच आहे की."

"मी तसा नाही वाचणार. बदलून वाचणार आहे."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "नको. छापलंय तसंच वाच. पोरीला आठवडाभर तरी आनंद होऊ दे."

"तो आठवड्याचा आनंद मला मिळेल. पुढे तिचं काय? मी गेले की ही पोर दार शोधत बसेल हो. जिन्याखाली शोधेल, गटाराच्या झाकणाखाली शोधेल. आणि सापडलं नाही की म्हणेल, मीच कमी पडले. दिवेकरणीला जमलं, मला नाही जमलं."

"आठ वर्षांची आहे ती."

"पुढच्या महिन्यात नऊची होईल."

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

मी सांगतो, मला राग आला होता. पुस्तकाला राग कसला, असं तुम्ही म्हणाल. पण पुस्तकाकडे दुसरं असतं काय? जे छापलंय तेच माझं तोंड. माझ्या तोंडावर हात ठेवून ही बाई दुसरंच बोलणार होती.

रविवारी सकाळी तिने शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. बाबा म्हणाला, मी जरा बाहेर बसतो, आणि दार ओढून जिन्यात जाऊन बसला. भिंगरी खाटेवर चढली. आई पाठीला दोन उशा लावून बसली होती. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, मुलीला पान दिसणार नाही असं.

हजार सावल्यांपर्यंत ती माझ्याशी इमानदार राहिली. दिवेकरणीने आईला ओळखलं तेव्हा भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मग आईने पान उलटलं आणि माझी साथ सोडली. मात्र नजर ओळींवरून फिरत राहिली, पानं वेळच्या वेळी उलटत राहिली. कुणालाही शंका आली नसती.

"दोघी सातव्या दारापाशी आल्या," ती वाचत होती, "तेव्हा आईने दिवेकरणीचा हात सोडला. म्हणाली, माझं इथवरच गं. वर तुला एकटीने जायचं आहे. दिवेकरीण म्हणाली, राजाने तर परवानगी दिली! आई म्हणाली, राजाने दिली, पण माझे पाय आता इथले झाले. वर अंधार पडेल, समुद्रात होड्या आहेत, दिवा कोण लावणार? तू नीट ऐक. आधी काच पुसायची, कोरड्या फडक्याने. ओल्याने पुसलीस तर डाग राहतात. मग वात सरळ कापायची. तेल काठोकाठ भरायचं नाही..."

"थांब," भिंगरी म्हणाली. "असं नाहीये. परत वाच."

"असंच आहे, बाळा."

"तिने तिला ओढायचं ना! जोरात ओढायचं!"

"ओढलं तिने. बघ, पुढे आहेच ते. तिने आईला खूप ओढलं. आईचा हात सावलीचा होता, तो हाती लागेना. मग ती रडली. मग ती रागावली. आणि आई म्हणाली, तुला माझा राग येईल. बरेच दिवस येईल. येऊ दे. राग आला म्हणून दिवा विझत नाही."

भिंगरी हुंदके देत होती. आई वाचत राहिली. दिवेकरीण एकटी सात दारं चढून वर आली, तिने काच पुसली, वात कापली, दिवा लावला आणि दूर एक होडी किनाऱ्याकडे वळली. तिथे आईने मला मिटलं.

"मी हे लिहिणाऱ्याला पत्र लिहिणार आहे," भिंगरी म्हणाली. "फार वाईट लिहिलंय म्हणून."

"लिही," आई म्हणाली. तिचा आवाज अगदीच गेला होता. "जरूर लिही."

भिंगरी तिच्या पोटावर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली. मग तिने विचारलं, अगदी हळू, "आई, तू जाणार आहेस का?"

"हो, भिंगरे."

त्या क्षणी माझा राग उतरला. माझ्या तीनशे बारा पानांत कुणी इतकं खरं बोललेलं नाही.

बावीस दिवसांनी ती गेली. त्या दिवसाबद्दल मी फारसं सांगू शकत नाही, कारण कुणीतरी घाईघाईत उशाशी असलेल्या सगळ्या वस्तू एका पिशवीत भरल्या आणि मी औषधांच्या बाटल्यांखाली होतो. मला फक्त पावलं ऐकू आली. खूप पावलं, आणि मग खूप कमी.

भिंगरीने मला मागितलं नाही. चौथा भाग बाजारात आला तरी तिने त्याचं नावही काढलं नाही. दोन्ही जुने भाग फळीवर राहिले. बाबाने सांगितलं, तिसरा मी कपाटात नीट ठेवलाय. तिने मान हलवली.

पण मी कपाटात नव्हतो. मी बाबाच्या डब्याच्या पिशवीत होतो.

तो मला रोज वजनकाट्यावर न्यायचा. काचेच्या त्या खोलीत एक टेबल, एक आकडे दाखवणारं यंत्र, एक पंखा. दोन ट्रकांच्या मध्ये सवड मिळाली की तो मला उघडायचा, दरवेळी पंधरावंच प्रकरण. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, शाळकरी पोरासारखा. मायलेकी सात दारं चढून वर यायच्या, उजाडायचं, पायऱ्या लागायच्या. मग तो मला मिटायचा. तासाभराने पुन्हा उघडायचा.

"साहेब, काटा!" बाहेरून ट्रकवाला ओरडायचा. एकदा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकावून मुखपृष्ठ पाहिलं. "पोराटोरांचं पुस्तक वाचता की काय?"

"मुलीचं आहे," बाबा म्हणाला.

"अशी काय मजा आहे त्यात?"

बाबाने यंत्राकडे पाहत आकडा सांगितला. पोटभर माल असलेल्या त्या ट्रकचं वजन त्याने अचूक सांगितलं. स्वतःच्या छातीवर किती भार आहे, ते त्याला कधी सांगता आलं नसतं.

ज्या मुलीने दार शोधू नये म्हणून आईने एवढं केलं, ती मुलगी शाळेत जात होती, वाढत होती, केस स्वतः विंचरायला शिकली होती. दार शोधत होता तो बाबा. रोज, माझ्यात, दोन वर्षं. माझी पाठ तिथे इतक्यांदा वाकली की मला कुठूनही उघडलं तरी मी पंधराव्या प्रकरणावरच उघडू लागलो. डिंक सुटला. कडा मळल्या. मला कुणी इतकं कधीच वाचलं नाही आणि मला इतकं दुःख कधीच झालं नाही.

भिंगरी अकरा वर्षांची झाली, तेव्हा शाळेच्या वाचनालयाच्या बाईंनी तिच्या हाती चौथा भाग ठेवला. कुणीतरी नुकताच परत केला होता. कदाचित आता आपल्याला झेपेल, असं वाटून तिने तो घरी आणला. पहिल्याच पानावर दिवेकरणीची आई पंखांच्या घोड्याला रागावत होती, ओल्या खुरांनी जिना खराब केला म्हणून.

तिने ते पान तीनदा वाचलं. मग कपाट उपसलं. मी तिथे नव्हतो.

हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. मी पाहिलं ते असं. बाबा घरी आला, पिशवी ओट्यावर ठेवून तोंड धुवायला गेला. भिंगरी रोजच्यासारखी डबा घासायला काढू लागली आणि तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला बाहेर ओढलं. मी आपोआप उघडलो. नळ वाहत होता. तिने उभ्या उभ्या शेवटापर्यंत वाचलं, आणि नळ वाहतच राहिला.

बाबा टॉवेलने तोंड पुसत आला आणि दारातच थबकला.

"आईने खोटं वाचलं," भिंगरी म्हणाली. "येते ती वर. तिची आई येते. इथे छापलंय!"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत? ती मला सांगू शकली असती ना की येते म्हणून! थोडे दिवस तरी... बावीस दिवस होते, बाबा! बावीस दिवस मी रोज तिच्याकडे बघायचे आणि मला माहीत असायचं!"

तिने मला फेकलं. मी फरशीवर आदळलो, माझी मधली दोन पानं निसटून नळाखालच्या ओलीत गेली.

बाबाने आधी नळ बंद केला. मग खाली बसला आणि ओली पानं उचलली. "मी नको म्हटलं होतं तिला," तो म्हणाला. "छापलंय तसंच वाच म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. ती म्हणाली, पोरगी दार शोधत बसेल."

"मी नसते बसले!"

"मी बसलो," बाबा म्हणाला.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मळलेल्या कडा, सुटलेली पाठ, ओळींखाली बोटांचे राखाडी पट्टे. तिचे डोळे माझ्यावरून बापाच्या बोटांकडे गेले.

"रोज?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

तीही फरशीवर बसली, त्याच्यासमोर. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज.

"तिने कसा वाचला होता शेवट?" बाबाने विचारलं. "मी ऐकला नाही. मला बसवेना तिथे. जिन्यात होतो मी."

मग भिंगरीने तो सांगितला. मला मांडीवर घेतलं, पण मिटलेलंच. सातवं दार सांगितलं, सावलीचा हात सांगितला. "काच पुसायची म्हणते ती, कोरड्या फडक्याने. मग वात. मग तेलाचं काहीतरी. मग ती तिला ओढते. खूप ओढते." तिने मला घट्ट धरलं. "मग आई आणखी काहीतरी म्हणते, बाबा. महत्त्वाचं होतं काहीतरी. मी रडत होते तेव्हा. मला आठवतच नाही."

"काही हरकत नाही."

"हरकत आहे! कुठेच लिहिलेलं नाहीये ते!"

मला आठवत होतं. तुला माझा राग येईल, येऊ दे, राग आला म्हणून दिवा विझत नाही. त्या स्वयंपाकघरात ते वाक्य जाणणारा मी एकटा होतो आणि मला फक्त छापलेलं बोलता येत होतं. ती पोर आईवर रागावल्याबद्दल पुटपुटत तिची माफी मागत राहिली, आणि मी तिच्या मांडीवर गप्प. पुस्तकाच्या जन्माला आल्याचा मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पस्तावा झाला.

"पुढे?" बाबाने विचारलं.

"पुढे ती एकटी वर येते. दिवा लावते. आणि एक होडी वळते."

"होडी वळते," बाबा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. भिंगरीने बापाला रडताना तोवर पाहिलं नव्हतं. तिला काय करावं ते कळेना. तिने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि त्याच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात मला डिंक लागला, ओली पानं वाळून वेडीवाकडी झाली होती ती जागेवर बसली. मग एका सुट्टीच्या दिवशी दोघे मला घेऊन मुलांच्या सार्वजनिक वाचनालयात आले. देऊन टाकायचा, हे भिंगरीने सुचवलं होतं. बाबा दोन दिवस नाही म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मला पिशवीत घातलं.

"पाठ फारच गेलीय हो याची," ग्रंथपाल बाई चाळत म्हणाल्या. "बाकीचे भाग नाही देणार?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "फक्त हाच."

बाईंनी शिक्का उचलला. बाबा म्हणाला, "एक मिनिट." त्याने मला हातात घेतलं. मला वाटलं, आता पंधरावं प्रकरण. पण त्याने मला उघडलंच नाही. मागच्या पांढऱ्या ठशावर एकदा अंगठा ठेवला. ठसा लहान होता, त्याचा अंगठा मोठा. मग त्याने मला परत दिलं.

तेव्हापासून मी इथे आहे. लोखंडी रॅक, वरून दुसरा कप्पा. माझ्या उजवीकडे चौथा, पलीकडे पाचवा. मुलं मला नेतात, चहा सांडतात, कोपरे दुमडतात. एका मुलीने त्या तीन तोंडांच्या कुत्र्याला पेनाने चष्मे काढले आहेत. माझा शेवट वाचून मुलं खूश होऊन मला परत करतात. त्यांचा आनंद मी हिरावून घेणार नाही. पण हे खरं की, कुणी ते प्रकरण वाचू लागलं की मला एक बारीक झालेला आवाज ऐकू येतो आणि ओळी जुळत नाहीत.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर अधूनमधून पानाकडे नका पाहू, त्या माणसाकडे पाहा. आणि ते माणूस काय म्हणालं, ते त्याच दिवशी कुठेतरी लिहून ठेवा. आम्ही पुस्तकं सगळं ऐकतो, पण आम्हाला कुणी विचारू शकत नाही.

गेल्या महिन्यात बाबा आला. एकटाच. केस पुष्कळ पांढरे झालेत. भिंगरी आता मोठ्या शाळेत जाते, असं तो बाईंना सांगत होता. त्याने चौकशी केली नाही, थेट आमच्या रॅकपाशी आला. खिशातून चष्मा काढला, लावला. त्याचं बोट पहिल्या भागावरून, दुसऱ्यावरून सरकत माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. मी श्वास रोखला असता, असता तर.

"हाच देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "हा वाचलाय मी. पुढचा द्या."

चौथा भाग निघाला. तो घेऊन बाबा दाराकडे चालू लागला, आणि दारापर्यंत पोहोचायच्या आतच त्याने पहिलं पान उघडलं होतं. माझ्या उजवीकडे जागा रिकामी झाली. मी हळूच तिकडे कललो आणि तसाच टेकून राहिलो.